हरकत नाही

आमच्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं, तेव्हा शेजारचा साखर कारखाना म्हणाला, मातीचा रंग आहे. आजोबांच्या वेळेपासून गुमान पडलेली माती नेमकी कारखान्याचा दारूचा प्लँट सुरू झाल्यावर रंगात आली.

अशा विहिरी गावोगाव नासल्या, लोक बोंबलले, म्हणून सरकारने नियम केला म्हणे: कारखाना वाढवायचा तर आधी जनसुनावणी घ्यायची, लोकांना विचारायचं. नासवून झाल्यावर का होईना, विचारायचं.

आता दारूचा प्लँट वाढवायचा म्हणून आमच्या कारखान्याचीही सुनावणी लागली. नियमाने कुणाचं भलं झालं नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही. मांडववाला, वडेवाला, 'झाडे लावा'चे फ्लेक्स छापणारा, सगळ्यांची चांदी. सांडपाण्याच्या टाकीला आदल्या दिवशी हिरवा रंग दिला. पाण्याचे जार विकणाऱ्याने तर दुसरा टेम्पो घेतला.

सुनावणीला मांडव गच्च, पण सगळे गप्प. ज्याच्याकडे ऊस घालायचा त्याच्याविरुद्ध बोलणार कोण? बोललं की तोडणी लांबते आणि ऊस शेतात वाळतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

माझे वडील उठले. हातात विहिरीच्या पाण्याची बाटली. खरं सांगते, मला त्यांचा फार अभिमान वाटला. हात जोडून म्हणाले, "हरकत न्हाई साहेब, कारखाना आपलाच हाय. पन ह्ये पानी..."

"हरकत नाही. धन्यवाद, बसा," साहेब म्हणाले. पुढचं वाक्य टाळ्यांत गेलं.

आमच्याकडे भांडणसुद्धा असंच सुरू होतं. कुणी बांध कोरला तरी आधी 'हरकत न्हाई', मग आईबहीण. साहेबांनी नियमाप्रमाणे पहिले दोन शब्द घेतले.

वाटेत माझं डोकं फिरलं. "आण्णा, 'हरकत आहे' म्हणायला काय झालं होतं?"

"मोठ्या मानसापुढं तोंड उघडताच हरकत हाय म्हनायचं? काय रीतभात हाय का न्हाई?"

घरी आलो तेव्हा आई गोठ्यात होती. विहिरीच्या पाण्याला म्हैस तोंड लावत नव्हती, म्हणून तिच्यापुढच्या घमेल्यात विकतचा जार ओतत होती. मी झालेलं सगळं सांगितलं. आण्णा बाटली घेऊन दारातच उभे राहिले.

"तुमची नसल हरकत," आई म्हणाली. "मला इचारायला कुनी आलंच न्हाई."