भांडणाची पानं

नव्या प्रेमकादंबऱ्यांचा मला अलीकडे शीण येतो. नायक राजपुत्र असतो, त्याच्याकडे ड्रॅगन असतो आणि शेवट पहिल्या प्रकरणातच कळतो. माणसं एकमेकांसाठी जीव देतात, पण कुणाला दळण आणायचं नसतं. तरी मी त्या वाचनालयातून आणते, कारण माझ्यानंतर त्या शेजारच्या सुनंदावहिनी वाचतात.

वहिनी स्वयंपाक करता करता वाचतात. पुस्तक परत येतं तेव्हा पानांच्या कोपऱ्यांवर हळदीची बोटं उमटलेली असतात. नायक-नायिका भांडतात ती पानं मात्र स्वच्छ. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "भांडण वाचायला पुस्तक कशाला? आमच्या घरी रोज असतं की."

"मी ऐकतोय," भाऊजी आतून म्हणाले.

भाऊजी गेले, त्याला आता वर्ष होत आलं. मधे वहिनींनी वाचणंच सोडलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन एक पुस्तक मागून नेलं आणि आज परत दिलं. मी सवयीने चाळलं. पहिली भेट, युद्ध, राज्याभिषेक, सगळं स्वच्छ होतं. मधे एका प्रकरणात ती दोघं कसल्याशा फुटकळ कारणावरून भांडत बसतात. मला ते उगाच लांबवलेलं वाटलं होतं, मी भराभर पानं उलटली होती.

त्या प्रकरणाच्या प्रत्येक पानावर हळद होती.