माळ पाहून आलेला मामा

जिवंतपणी स्वतःविषयी "मी लय गुणाचा हुतो" असं बोलणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा. पलटणीत असताना लढाईत त्याच्या पोटात गोळी शिरली. आतडं शिवलं, पण आत पू झाला आणि कित्येक दिवस तो तापात बेशुद्ध होता. त्या दिवसांत तो म्हणे एका माळावर जाऊन आला. माळभर मेंढरं उभी, एकाचीही घंटी वाजत नाही, आणि सगळ्यांची तोंडं ह्याच्याकडं. पुढं गावी आल्यावर आमची खरी मेंढरंही तो दिसला की चरायची थांबत. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सर्वपित्रीला तो आपल्या नावाचं पान वेगळं मांडी आणि कावळ्यांना हाकलून स्वतःच जेवी. "माझा वाटा हाय, त्यास्नी कशापायी?" सांगलीच्या दवाखान्यात कुणाचं पोट फाडलं असं कानावर आलं, की रहिमतपूरहून गाडी धरून हा हजर. रोग्याला रामराम नाही, थेट प्रश्न, "माळ दिसला का?" बायका तोंडाला पदर लावून उठून जात. उत्तर द्यायला बहुतेक रोगी उरतच नसत.

मी बी.ए. झालो त्या साली माझ्या वडिलांच्या, दादांच्या, आतड्याला पीळ पडला. स्वतः अंगठा उठवणाऱ्या ह्या माणसानं मला शिकवलं होतं. फाडलेलं पोट सडतं, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक. डॉक्टर म्हणाले, "आता पेनिसिलीन आलंय. पू व्हायची वाट बघायची नाही, आधीपासूनच सुया द्यायच्या."

ऑपरेशन झालं. मामा दादांच्या पायाशी बसला, तो हलेचना. मधूनच रिकाम्या कोपऱ्याकडं बघून म्हणे, "थांब की जरा." आई शहारे. आम्ही तापाची धास्ती घेऊन बसलो होतो. मला तर तापापेक्षा मामाचीच भीती वाटत होती. पण ताप चढलाच नाही. एका सकाळी दादांनी स्वच्छ डोळे उघडले. मामा वाकला.

"आवं दाजी, माळ दिसला का?"

"कसला माळ? डोळा लागला हुता जरा. भूक लागलीया. तुमी कवा आला, पाव्हणं?"

आई रडायलाच लागली. मामा दादांचे पाय धरून मोठ्यानं हसला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी मागोमाग गेलो.

"बरं झालं रं, लय बरं झालं," तो डोळे पुसत म्हणाला. "आदी मानसं तिकडं जायची, ती माघारी येत न्हवती. आता सुई घेतल्याली तिकडं जातच न्हाईत."

मग त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हंजी ते बगितल्याला मी एकटाच की रं."