न थांबणारा बेंजो

जनूच्या घरून फोन आला की मी घाबरायचो. शेवटच्या वर्षात तर त्याच्या मुलीचं, प्रणालीचं नाव मोबाइलवर दिसलं की मी आधी खाली बसायचो आणि मग फोन उचलायचो. त्या दिवशी बोईसरच्या बाजारात होतो, बसायला जागा नव्हती. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. भाजीवाला पिशवी पुढे धरून उभा होता. न्यूमोनियाचं निमित्त झालं. ज्याला इतकी वर्षं भीत होतो ते होऊन गेलं, पण भीती काही गेली नाही.

जनार्दन, आमचा जनू, चिंचणीचा. लग्नाच्या हळदीत वाजवणाऱ्या आमच्या पार्टीतला बेंजोवाला, आणि मी त्याच्या शेजारी ढोलकीवर. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पत्तीने तारा छेडायच्या, एवढंच ते वाद्य. पण जनूची बोटं त्यावर पडली की मांडवातल्या आज्यासुद्धा पदर खोचून उठायच्या. खाऱ्या हवेने तारा गंजतात म्हणून तो त्या लहान बाळासारख्या पुसायचा, आणि आम्ही त्याची यथेच्छ चेष्टा करायचो. हळदीच्या मांडवात वाजवणाऱ्यांना प्यायला कोणीतरी आग्रह करतंच. जनू थेंबालाही शिवत नसे आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

एकदा तारापूरजवळच्या एका हळदीत ऐन रंगात वीज गेली. स्पीकर बंद, नाच बंद, सगळीकडे काळोख. मला जवळच टकटक ऐकू आली. आधी वाटलं, स्टेजखाली उंदीर असेल. मग लक्षात आलं, आवाज बेंजोवरून येतोय. जनूचा उजवा हात लाकडावर टेकला होता आणि हातातली पत्ती एकसारखी त्यावर आपटत होती. मी तो हात धरला तर तो माझ्या मुठीतही थरथरत राहिला. "भाई, कोनाला सांगू नको," तो कानाशी म्हणाला. "पिऊन आलाय म्हनतील." डॉक्टरला दाखवलंस का, विचारलं. "दाखवलं. कंपवात हाय. गोळ्या चालू हायत. वाजवताना नाय होत रे, थांबलो का सुरू." वीज आली तेव्हा त्याने इतक्या घाईने पहिली तार छेडली की लोकांना वाटलं, केवढा हा उत्साह.

त्यानंतर आमची पार्टी थांबेनाशी झाली. एक गाणं संपायच्या आत जनू दुसऱ्यात शिरायचा, मी मधली फट ढोलकीने बुजवायचो. माझे तळवे सुजायचे. लोक मात्र खूश. डीजेवाल्यांच्या जमान्यातही सुपाऱ्या वाढल्या, आणि जितक्या वाढल्या तितका माझा धीर सुटत गेला. वीज जाईल का, पाहुणे भाषण ठोकतील का, नवरदेवाचा मामा मध्येच माइक मागेल का... मला दुसरं काही सुचायचंच नाही. सगळ्यात धास्ती चहाची. यजमान कौतुकाने कपबशी घेऊन थेट स्टेजवर यायचे. मी झडप घालून जनूचाही चहा पिऊन टाकायचो. "हा भाई लय हावरा हाय," जनू वाजवता वाजवता सगळ्यांना सांगायचा आणि लोक हसायचे. मी हसायचो नाही. मला त्याच्या हाताची भीती वाटायची, आणि तो गेला तर मी कोणाशेजारी बसायचं याचीही.

शेवटी डावी बोटंही ऐकेनाशी झाली आणि जनू घरी बसला. मी गेलो की तो हात उशीखाली दाबून ठेवायचा, अगदी माझ्यासमोरसुद्धा. मला त्याचा राग यायचा आणि रडूही यायचं.

जनू गेला तेव्हा माकुणसारची हळद आधीच ठरलेली होती. प्रणाली म्हणाली, मी वाजवते. बापाच्या मांडीला मांडी लावून शिकलेली पोर. दिवेलागणीला तिने सुरू केलं, बायका उठल्या, फेर धरला गेला. पहिलं गाणं संपत आलं आणि ती थेट दुसऱ्यात शिरली. मग तिसऱ्यात. मी तिच्या उजव्या हाताकडे पाहत होतो. त्या हातात काय आहे, हे तो थांबल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि तो थांबत नव्हता.

मी ढोलकी थांबवली. फेर अडखळला, लोक स्टेजकडे बघू लागले. प्रणालीने दचकून पत्ती उचलली आणि हात बेंजोच्या लाकडावर ठेवला. मी कान लावून बसलो. काहीच आवाज नव्हता.

"काका, काय झालं? बरं नाय वाटत तुमाला?"

"गाणं संपलं ना, म्हटलं जरा दम खा."

"दम?" तिला खरंच कळेना. "आपली पार्टी कुठं थांबते? मला बाबांनी थांबायला शिकवलंच नाय."

तिचा हात अगदी स्थिर होता. पण तिच्या वयात जनूचाही होता.

"वाजव," मी म्हटलं.