काळ्या पट्टीखालचं बटण

सकाळची शिफ्ट संपवून रोह्याच्या कंपनीतून बाहेर पडलो, मोबाइल चालू केला, तर जोह्याच्या गणपती कारखान्यातून अकरा मिस्ड कॉल. माझा जोडीदार नरेश गेला होता... गणपतीच्या डोळ्यांची आखणी करता करता हातातला ब्रश गळून पडला, एवढंच झालं म्हणे. त्याला आता दीड महिना होईल.

कारखान्यातून त्याला आणि शिफ्टमधून मला सुटी मिळाली की आम्ही दोघं हळदी-लग्नांत डीजे वाजवायचो. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना दोन्हींची लय आपोआप जुळवणारं बटण आमच्या मशीनवर होतं. नरेशने पहिल्याच दिवशी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. तो कानाने जुळवायचा. अधूनमधून घसरायचा, नाचणारे अडखळायचे, आणि हा पठ्ठ्या हसायचा. माझं डोकं फिरायचं. "चुकू दे रं," म्हणायचा, "मी काढलेले दोन डोळे तरी कुठं सारखे हायेत? म्हणून तर गणपती बघतो आपल्याकडं."

वरसे गावातल्या एका हळदीत तर त्याने कमालच केली. दुपारची वेळ, धवलारीण मांडवात लग्नाची गाणी म्हणत होती. तिच्या आवाजाखाली याने हळूच ढोलकीचा ठेका सोडला. मी म्हटलं, झालं, आज मार खाणार! दोन ओळी नीट गेल्या आणि ठेका पुढे पळाला. म्हातारी थांबली. मांडव गप्प. मग ती माइकवरच म्हणाली, "ये रं बाला मागं, मी हाय हितंच." हा हसत मागे आला, तिने सूर धरला, आणि बसलेल्या बायका उठून नाचल्या. असं मला कधी जमलं नाही.

मी काय केलं? घरी येऊन रेकॉर्डिंग साफ केलं. घसरलेला ठेका, ती शांतता, म्हातारीची हाक, सगळं कापलं. प्रत्येक कार्यक्रमाचं तसंच. आता रोज ऐकत बसतो. कुठे खोट काढायला जागा नाही, पण नरेशही सापडत नाही. त्याला मीच काढून टाकलंय, आणि हे सांगायचं तर कोणाला?

परवा एकट्यानेच हळद वाजवली. पट्टीला नख लावलं, पण ती काढवली नाही. कानाने जुळवायला गेलो आणि पहिल्याच गाण्याला घसरलो. नाचणारे थांबून बघायला लागले. गाणं बंद केलं आणि सवयीने शेजारी वळलो, तो हसत असेल म्हणून...

परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढा वेळ काहीच ऐकू येत नाही. ते मी कापलेलं नाही.