सात प्रश्न, सात वेळा 'व्हय'

ती घटना मी विसरलेले नाही. विसरावी असं पुष्कळदा वाटलं, कारण तिच्यात चूक करणारी मीच होते.

मी सातवी पास. त्या काळी तेवढ्यावर पोलिसात घेत. हवालदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची वर्षं कोरेगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात काढली. दरवर्षी आसपासच्या शाळांत जाऊन लहान मुलांना नियम-कायदे सांगायचं काम माझ्याकडे असे. मी शिट्टी वाजवायची, बेड्या दाखवायची आणि घोकून घ्यायची: चोरी करायची नाही, रस्ता बघून ओलांडायचा, पोलिसांना नाही म्हणायचं नाही. पोरं डोळे फाडून बघत. शिकलेले मास्तर मागे उभे राहून ऐकत. ते मला फार आवडायचं.

मग एका शाळेत पहिलीच्या वर्गाला नवीन बाई आल्या. आटपाडीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, दोन पदव्या, वय पंचविशीचं. त्यांनी नियम मुलांकडूनच करून घेतले होते. पाण्याच्या टाकीपाशी रांग कशी लावायची, भांडण झालं तर आधी कुणी बोलायचं. नियम मोडणाऱ्याने भरपाई काय करणार तेही स्वतःच सांगायचं. त्या वर्षी मी बेड्या काढल्या, तर पुढच्या रांगेतलं एक कार्टं म्हणालं, "आवं पोलीसबाई, आदी त्येला इचारायचं असतंय, तू असं का केलंस म्हनून." वर्ग हसला आणि सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. शिट्टी कुणी मागितलीसुद्धा नाही.

मी जळले. दुसरा शब्द नाही.

पंधरा दिवसांनी ठाण्यात फोन आला. आवाज बाईचा, नाव सांगेना. नव्या बाई मुलांना शाळेतल्या खिचडीच्या तांदळाच्या खोलीत कोंडतात, परवा एका मुलीला दुपारभर कोंडलं, असं म्हणाली. मुलीचं नाव तेवढं दिलं. डायरीला नोंद झाली, फोनवर उमटलेला नंबरही लिहून घेतला. फौजदार साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, "मावशी, लहान लेकराचं काम आहे, तुम्हीच जा."

लहान मुलाला विचारायला साध्या वेशात जायचं असतं. मी वर्दीत गेले. विसरले नव्हते. शाळेतच बसले. मुलगी त्या बाईंच्याच वर्गातली, सहा वर्षांची, दोन वेण्या, शेजारी तिची आई. मी प्रश्न विचारले. बाईंनी तुला कोंडलं? व्हय. तांदळाच्या खोलीत? व्हय. अंधार होता? व्हय. तू रडलीस? व्हय. असे सात प्रश्न, सात वेळा 'व्हय'. मी जबाब लिहिला आणि निघाले. बाई दारात उभ्या होत्या. "मला काही विचारणार नाही का?" म्हणाल्या.

"वेळ आली की विचारू," मी म्हणाले. हेही लपवत नाही, ते म्हणताना मला गोड वाटलं.

साहेबांनी गुन्हा दाखल करायची तयारी केली. शाळेच्या वरिष्ठांनाही कळलं. नोकरीला वर्षही न झालेली मुलगी ती, गुन्हा दाखल झाला असता तर घरीच बसली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जबाब स्वच्छ अक्षरात उतरवायला घेतला आणि हात थांबला. पस्तीस वर्षं जबाब लिहिले. खरं सांगणारा माणूस कुठेतरी अडतो. आठवत नाही म्हणतो, तसं नव्हतं म्हणून आपल्यालाच दुरुस्त करतो. इथे एकही 'न्हाई' नव्हतं. कागद सरळ होता, म्हणून तो खोटा होता. हे मला कालच कळायला हवं होतं. कालही मला सगळं येत होतं.

साडी नेसून परत गेले. आधी तांदळाची खोली बघितली. तिला कडीच नव्हती. दार दोरीने बांधत होते, आणि ती दोरी आतूनही सुटत होती. मग मुलीच्या घरी गेले, तिच्या आईला चहा टाकायला आत पाठवलं आणि मुलीला विचारलं, "तुझ्या बाईंनी तुला विहिरीत टाकलं होतं का गं?"

"व्हय."

"आणि मी? मी पण टाकलं?"

तिने जरा विचार केला. "व्हय."

"मग तू वर कशी आलीस?"

ते काही तिला सांगता येईना. रडवेली झाली. मी म्हणाले, "अगं, मग व्हय का म्हणतेस?"

"तुमीच सांगिटलंय न्हवं? पोलिसास्नी न्हाई म्हनायचं न्हाई."

मला वाटत होतं, त्या वर्गात माझं कुणीच ऐकलं नाही. या एका पोरीने ऐकलं होतं.

फोनचा नंबर मग तपासला, तो तिच्या आईचाच निघाला. तिला ठाण्यात बसवलं. आधी उडवाउडवी केली. मी नंबर पुढे ठेवला, तशी फुटली. "घरात माजं काय चालतंय का? पोरगीचं सारकं बाई असं म्हनत्यात, बाई तसं म्हनत्यात. म्या हात उगारला की म्हनती, आये, आदी इचार! लेक माजी हाय का तिची?" साहेब तिच्यावर ओरडले. तिने फोन केला, मी जबाब लिहिला. फरक एवढाच.

गुन्हा दाखल झाला नाही. आईला समज देऊन सोडलं. मी वर्दीत गेले आणि 'हो' यावं असेच प्रश्न विचारले, हे मी अहवालात लिहिलं. माझ्या सेवापुस्तकात शेरा आला. मी बाईंची माफी मागायला गेले, तर त्या म्हणाल्या, "माझी नको. वर्गाला सांगा."

वर्गापुढे उभी राहिले. पोलिसांनाही नाही म्हणता येतं, मी नियम चुकीचा सांगितला होता, असं सांगितलं. बेड्यांवरून बोललेलंच कार्टं उठलं. "मग भरपाई काय करनार तुमी?" मी म्हणाले, जिथे जिथे तो शिकवला त्या सगळ्या शाळांत जाऊन पुसून येईन. निवृत्तीपर्यंत अकरा शाळा झाल्या. बाकीच्या राहिल्या.

लहान मुलाला शिकवलेला नियम ते खरंच पाळतं, म्हणून तो तोंडातून काढण्याआधी दहा वेळा तपासावा. एवढं मी शिकले. हेवा मात्र गेला नाही. त्या दिवशी वर्गातून निघताना मी त्या मुलीला परत विचारलं, "मी तुला विहिरीत टाकलं होतं का?"

"न्हाई!" ती केवढ्याने ओरडली. आणि बरोबर आलं का म्हणून मान वळवून तिने बाईंकडे बघितलं.