कुंकू न लावलेलं कार्ड

घरघंटी ठेवायला आमच्या घरात एकच कोपरा होता आणि तिथे ह्यांचा जुना कॉम्प्युटर ठाण मांडून बसला होता. तो बंद पडून कैक वर्षं झाली, पण भंगारवाल्याची हाक आली की हे दार लावून घेत. शेवटी यंदा दसऱ्याच्या साफसफाईत मी अट घातली.

"अहो, उघडा तो. आतली एकूण एक हिरवी पाटी ओळखून दाखवा. सगळ्या ओळखल्या तर तो राहील. एक जरी अडली तर माझी घरघंटी येईल. आणि मोबाइलमध्ये बघायचं नाही."

सातपूरच्या कारखान्यात ह्यांचा जन्म मशिनं दुरुस्त करण्यात गेला. निवृत्तीनंतर घरातलं काहीतरी कधी बिघडतंय याचीच वाट बघतात. लगेच फतकल मारून बसले. खोका उघडला तशी बोटभर धूळ निघाली आणि झेंडूची एक वाळकी पाकळी.

"हा मदरबोर्ड. हे डिस्प्ले कार्ड, पडद्यावर चित्र दाखवणारं. हे साउंड कार्ड." हे अगदी रुबाबात सांगत होते.

प्रत्येकावर कुंकवाचा पुसट डाग होता. तो माझा. एका दसऱ्याला हे खोका उघडून बसले होते, तेव्हा मी पूजेचं ताट घेऊन गेले. "अगं, शॉर्ट होईल!" असं हे ओरडेपर्यंत माझं बोट टेकवून झालं होतं. यंत्राची पूजा करायची तर नुसत्या पत्र्याची कशाला?

मग शेवटचं कार्ड हातात आलं आणि गाडी अडली. चष्मा वर गेला, खाली आला. मळानं बुजलेल्या दोन चौकोनी भोकांत फुंकर मारून झाली. "प्रिंटरचं असावं. नाही, थांब." मला ताज्या पिठाचा वास यायला लागला.

"हरलो," हे पडेल आवाजात म्हणाले. "बोलाव भंगारवाल्याला."

मी जिंकल्याच्या तोऱ्यात कार्ड हातात घेतलं आणि लगेच ओळखलं. त्याच्यावर कुंकू नव्हतं. इंटरनेटसाठी फोनची वायर त्यात जायची. हे त्यावर बसले की आमचा फोन तासन्‌तास एंगेज, आणि पंचवटीत माझी आई नंबर फिरवून फिरवून थकायची. म्हणून बाकी सगळ्यांना कुंकू लावलं आणि ह्या सवतीला मुद्दाम वगळलं.

फोन लागला नाही की आई सरळ रिक्षा करून यायची. पिशवीत मेथीची जुडी, नाकावर राग. "मेला का गं तुझा फोन?" म्हणत आत शिरायची, जावयाला चार शब्द सुनवायची, मेथी निवडायची आणि जेवूनच जायची. पुढे मोबाइल आले. तिचा फोन रोज लागायला लागला. "बरी आहेस ना? ठेवते मग." तिचं येणं हळूहळू थांबलं. आता तर आईच नाही. कार्ड हातात धरून मला तिची फार आठवण आली.

मी देवघरातून कुंकवाचा करंडा आणला.

"मोडेम आहे ते. फोनचं," मी म्हणाले आणि त्याला कुंकू लावलं. "बसवा परत जागेवर."

ह्यांनी कार्ड हातात घेतलं. "आणि घरघंटी?"

"दळण गिरणीतून तुम्ही आणायचं."