गुरुजींची खुर्ची

पाचोऱ्याच्या वाचनालयातल्या कारकुनाला आम्ही नुसतं नाना म्हणायचो. पुस्तक हातात देण्याआधी ते त्यावर दोनदा फुंकर मारत, धूळ असो नसो. एका वार्षिक सभेत पाहुणे म्हणाले, वाचक टिकले तरच देश पुढे जाईल. नानांनी ते फारच मनावर घेतलं. वाचक मेला तरी त्याचं नाव ते कमी करेनात.

धरणांवरच्या नव्या पुस्तकासाठी मागणीवहीत आधी एका गुरुजींचं नाव होतं, मग माझं. पुस्तक यायच्या दोन दिवस आधी गुरुजी वारले. मी वाचनालयात गेलो, तर पुस्तक गुरुजींच्या नेहमीच्या, आता रिकाम्या खुर्चीसमोर उघडून ठेवलेलं.

"नाना, आता माझा नंबर."

"गुरुजींचं वाचायचं बाकी शे, भाऊ," ते हळूच म्हणाले.

मी रोज दुपारी जाऊन बघायचो. पुस्तक रोज दहा-बारा पानं पुढे सरकलेलं असायचं. पानं नानाच उलटत असणार, असं मी स्वतःला बजावत राहिलो.

शेवटचं पान झालं तेव्हा नानांनी पुस्तक मिटलं, दोनदा फुंकर मारली आणि माझ्या हातात दिलं. मग मागणीवहीत माझ्या नावावर पेन टेकवून त्यांनी मायेनं विचारलं, "तुम्ही नेहमी कोणत्या खुर्चीवर बसतात, भाऊ?"